मुरे माशासाठी थंड पाणी

गेल्या वैशाखातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. आमच्या गल्लीतला नववीत शिकणारा एक मुलगा प्लॅस्टिकची बादली घेऊन दारात उभा राहिला. बोरी नदीच्या एका आटत चाललेल्या डोहातून त्याने बोटभर लांबीचे दोन मासे आणले होते. अंग पिवळसर, त्यावर तपकिरी ठिपके, तोंडाभोवती बारीक मिशा. मासे बादलीच्या तळाशी चिकटून पडले होते. मध्येच एखादा बाणासारखा वर येई, पाण्याबाहेर तोंड काढी आणि पुन्हा तळ गाठी.

"सर, ह्यो मासा हवा पितोय बघा," मुलगा म्हणाला. "वर आला की पाऊस येतोय म्हणं. खरं हाय का?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. पण प्रश्न ऐकला आणि मला दोन वर्षांपूर्वीची माझी एक चूक आठवली.

त्या वेळी मी हौसेने एक काचेची टाकी विकत आणली होती. उंच, सुबक, दिवाणखान्यात शोभेल अशी. पश्चिमेच्या खिडकीजवळ ती ठेवली आणि त्यात ह्याच जातकुळीतले, दगडाखाली लपून बसणारे चार मासे सोडले. तो मे महिना होता. तिसऱ्या दिवशी दुपारी चारही मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसले आणि दिवेलागणीपर्यंत मेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी टाकीत तापमापक घातला. वरच्या थरात ३६ अंश सेल्सिअस! प्रयोगशाळेत रोज हाताळला जाणारा तापमापक मला टाकीत घालायला एक दिवस उशीर झाला होता. मासे का मेले, ह्याचे उत्तर माझ्याच विषयात होते. ते उत्तर आज तुमच्यापुढे मांडतो.

हा मासा कोण?

नद्या-ओढ्यांच्या तळाशी राहणाऱ्या, मिशा असलेल्या ह्या लहान माशांना इंग्रजीत 'लोच' म्हणतात. आपल्याकडे मुरे, मुरा, मुरी अशी नावे आहेत. गावागणिक उच्चार बदलतो. ह्यातले एक नाव थेट विज्ञानात गेले आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमध्ये असताना इथल्या नद्यांतील माशांचा अभ्यास केला आणि १८३९ साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. नावे देताना त्याने कोळ्यांच्या तोंडचे शब्दच अनेकदा उचलले. त्यांपैकी एका माशाला त्याने 'मूरेह' हे नाव दिले. आज त्याचे पूर्ण शास्त्रीय नाव 'पॅराकँथोकोबिटिस मूरेह' असे आहे. म्हणजे जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ ह्या माशाचा उल्लेख करतो तेव्हा नकळत एक मराठी शब्द उच्चारतो!

मुलाने आणलेला मासा मात्र ह्याचा चुलतभाऊ होता. त्याच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो आणि तो वाळूत स्वतःला गाडून घेतो. त्याचे नाव 'लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस'. 'थर्मालिस' म्हणजे उष्णतेशी संबंधित. श्रीलंकेतील कन्निया येथील उन्हाळ्यांजवळ, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ, सापडलेल्या माशांवरून १८४६ साली हे नाव पडले. युरोपातला आणि चीन-जपानमधला 'मिसगर्नस' नावाचा लोच ह्याच्या उलट. तो हिवाळ्यात गोठू पाहणाऱ्या पाण्यातही चिखलात शिरून तग धरतो. म्हणून मासे पाळणारे त्याला 'थंड पाण्यातला मासा' म्हणतात. पाणी तापवण्यासाठी विजेचा हीटर लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

थंड देशांत हे सोपे आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आपल्यापुढचा प्रश्न पाणी तापवण्याचा नसून निववण्याचा आहे.

तळच का?

वाहत्या नदीत सगळीकडे पाण्याचा वेग सारखा नसतो. पाण्याला श्यानता असते, म्हणजे त्याचे थर एकमेकांना धरून ठेवू पाहतात. तळाच्या दगडाला टेकलेला थर जवळजवळ स्थिर असतो, त्यावरचा थोडा सरकतो, त्यावरचा अधिक. नदीचा वेग वरून मोठा दिसला, तरी तळाशी टेकलेल्या माशाला त्याचा थोडाच भाग सोसावा लागतो. म्हणून ह्या माशांची शरीरे लांबट, पोटाशी चपटी आणि तोंडे खालच्या बाजूला असतात. अंधाऱ्या तळाशी अन्न शोधण्यासाठी मिशा असतात.

ह्या कुळातील मासे अंधाराशी किती जुळवून घेतात, ह्याचे एक उदाहरण पाहा. पुण्याच्या परिसरातून मिळालेल्या 'एव्हेझार्डी' नावाच्या लोचचे वर्णन फ्रान्सिस डे ह्याने १८७२ साली केले. त्याच्याच जातकुळीतले मासे छत्तीसगडमधील बस्तरच्या कुटुमसर गुहेत, कायमच्या काळोखात राहतात. त्यांचे डोळे लहान आणि रंग फिकट आहेत. दिवसरात्र न कळणाऱ्या ह्या माशांच्या शरीरातले 'घड्याळ' कसे चालते, ह्यावर आपल्याकडील शास्त्रज्ञांनी बरेच संशोधन केले आहे.

तापलेल्या पाण्याची कात्री

पाण्यात साखर विरघळते तसा हवेतला प्राणवायूही विरघळतो. पण एक मोठा फरक आहे. पाणी तापवले की साखर जास्त विरघळते, तर वायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त किती प्राणवायू राहू शकतो ते पाहा :

१० अंश से. – ११.३ मिलिग्रॅम
२० अंश से. – ९.१ मिलिग्रॅम
२५ अंश से. – ८.३ मिलिग्रॅम
३० अंश से. – ७.६ मिलिग्रॅम
३५ अंश से. – ६.९ मिलिग्रॅम

अक्कलकोट समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे पाच टक्के कमी, म्हणून हे आकडेही तेवढ्याच प्रमाणात कमी धरायचे.

२० अंशांवरून ३० अंशांवर जाताना प्राणवायू ९.१ वरून ७.६ वर आला. घट फार मोठी नाही, असे तुम्ही म्हणाल. पण आता कात्रीचे दुसरे पाते पाहा. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते आणि शरीरातील रासायनिक क्रियांचा वेगही वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज साधारणपणे दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी दुप्पट होते. शिवाय तळाशी कुजणारे उरलेले अन्नही प्राणवायू खाते. माझे मासे ह्या कात्रीत सापडले होते.

आतड्याने श्वास!

मुलाने आणलेल्या माशापाशी मात्र ह्या संकटावर एक तोड होती. ३० अंशांवरील एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तितक्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे पस्तीसपट! डोहातले पाणी प्राणवायूला महाग झाले की हा मासा वर येतो, हवेचा घोट गिळतो आणि ती हवा आतड्यात नेतो. आतड्याच्या पातळ अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. तिथे प्राणवायू शोषला जातो आणि उरलेली हवा बुडबुड्याच्या रूपाने मागच्या बाजूने बाहेर पडते. हे सांगितल्यावर आमचा नववीतला मित्र पोट धरून हसला. पण लगेच बादलीवर वाकून बुडबुडे खरेच कुठून येतात ते पाहू लागला. विज्ञानाची सुरुवात अशीच होते.

ही गोष्ट पहिल्यांदा प्रयोगाने तपासणाऱ्यांत पाउल एर्मान हा जर्मन शास्त्रज्ञ होता. युरोपातल्या लोचवरील त्याचा लेख १८०८ साली 'अनालेन डेर फिजिक' ह्या नियतकालिकात आला. नावावरून लक्षात आले असेल की ते पदार्थविज्ञानाचे नियतकालिक होते आणि एर्मान स्वतःही पदार्थवैज्ञानिकच होता!

कल्ल्यांवरच अधिक अवलंबून असणाऱ्या, दगडाखाली राहणाऱ्या भावंडांना ही सोय एवढ्या प्रमाणात नसते. त्यांना थंड, खेळते पाणीच हवे.

उंच टाकी की पसरट?

प्राणवायू टाकीत शिरतो तो पृष्ठभागातून. आमची नवी टाकी ६० सें.मी. लांब आणि ३० सें.मी. रुंद आहे. तिच्यात १७ सें.मी. खोल पाणी भरले की सुमारे ३० लिटर होते आणि हवेला १८०० चौ. सें.मी. पृष्ठभाग मिळतो. तेवढेच पाणी ३० सें.मी. लांबी-रुंदीच्या उंच टाकीत भरले तर पृष्ठभाग ९०० चौ. सें.मी., म्हणजे निम्मा.

पण खरा घोटाळा खोलीचा आहे. अगदी स्थिर पाण्यात प्राणवायू नुसत्या विसरणाने किती वेगाने पसरतो? एक सेंटिमीटर अंतर जायला त्याला सुमारे सात तास लागतात. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. ह्या हिशेबाने ३० सेंटिमीटर खाली पोचायला साडेआठ महिने! म्हणून तळाच्या माशाला प्राणवायू मिळतो तो पाणी ढवळले जाते म्हणून. पंपाचे बुडबुडे हेच मुख्य काम करतात. बुडबुड्यातला प्राणवायू पाण्यात थोडाच विरघळतो, पण वर जाताना ते तळाचे पाणी पृष्ठभागाकडे ओढून नेतात.

रात्री निसर्ग हे काम फुकट करतो. पृष्ठभागाचे पाणी बाष्पीभवनाने गार आणि जड होते, खाली बुडते आणि तळाचे वर येते. दुपारी मात्र उन्हाने वरचा थर तापतो, हलका होतो आणि झाकणासारखा वरच बसून राहतो. माझ्या उंच टाकीत नेमके हेच झाले होते. वर भट्टी, खाली गुदमर. मासे जाणार कुठे?

माठाची युक्ती

आता पाणी गार कसे ठेवायचे? उत्तर तुमच्या घरात तिपाईवर बसले आहे. माठातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा ते आतल्या पाण्यातून ओढून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. आमच्या टाकीतले ३० लिटर पाणी ५ अंशांनी निववायचे, तर ३०,००० × ५ = १,५०,००० कॅलरी काढून घ्याव्या लागतील. त्याला ५८० ने भागा. उत्तर येते सुमारे २६० ग्रॅम. केवळ सव्वा पेला पाणी वाफेत गेले की काम झाले! अर्थात भोवतालची उष्णता टाकीत सतत शिरत राहते, म्हणून हा खर्च दिवसभर चालू ठेवावा लागतो.

आम्ही टाकीच्या तीन बाजूंना गोणपाट गुंडाळले, त्याची खालची कड पाण्याच्या परातीत सोडली आणि चौथी बाजू पाहण्यासाठी मोकळी ठेवली. टाकी उत्तरेच्या ओसरीत, वाऱ्याच्या वाटेवर, उन्हापासून दूर ठेवली. काच नसली तरी चालत असेल, तर मातीची पसरट, न भाजलेल्या लेपाची नांद सर्वांत उत्तम.

ह्या युक्तीलाही मर्यादा आहे. ओल्या फुग्याचा तापमापक जे तापमान दाखवील त्याखाली पाणी जाऊ शकत नाही. मे महिन्यात हवा ४० अंश असली तरी कोरडी असते. आर्द्रता २० टक्के असेल तर ओला फुगा सुमारे २२ अंश दाखवतो, म्हणजे वाव भरपूर. जूनमध्ये हवा ३२ अंश, पण आर्द्रता ७० टक्के असली, तर ओला फुगा २७ च्या वरच थांबतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर माठातले पाणी गार होत नाही. अशा वेळी बर्फाचे खडे टाकीत टाकण्याचा मोह होतो. तसे करू नका. अचानक चार-पाच अंशांचा फरक माशाला उन्हाइतकाच घातक ठरतो.

आणखी एक सावधगिरी. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. टाकीतून रोज अर्धा लिटर पाणी उडत असेल आणि तुम्ही बोअरचे जड पाणी वरून ओतत असाल, तर साठ दिवसांत ३० लिटर जादा पाण्याचे क्षार टाकीत साठतील, म्हणजे क्षार दुप्पट होतील. म्हणून नुसती भर घालू नये. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून ताजे घालावे.

टाकी मांडताना

तळाशी चार-पाच सें.मी. जाडीचा बारीक, गोल कणांच्या वाळूचा थर द्यावा. वाळू चाळून, पाणी निवळशंख येईपर्यंत धुवावी. धारदार खडी नको. वाळू उपसताना माशाच्या मिशा तिने फाटतात. लपायला कौलाचे तुकडे आणि पालथी खापरे ठेवावीत, त्यांच्या कडा घासून बोथट कराव्यात. नळाचे पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो.

टाकी भरल्याबरोबर सगळे मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी आहे. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एखादाच मासा, थोडे अन्न आणि वारंवार पाणीबदल, असे धोरण ठेवावे.

अन्न म्हणून डासांच्या अळ्या, गांडुळाचे बारीक तुकडे, उकडून सोललेला मटार चालतो. हे मासे सांजवेळी बाहेर पडतात, म्हणून दिवे लागल्यावर आणि दहा मिनिटांत संपेल इतकेच घालावे. टाकीवर जाळीचे घट्ट झाकण हवेच. रात्री हे मासे उडी मारतात आणि सकाळी जमिनीवर वाळलेले सापडतात. मासा हलवताना कापडी जाळी वापरू नये. डोळ्याखालचा काटा तिच्यात अडकतो. पेल्याने उचलावा.

नदीतून मासे आणायचे तर मोठ्यांना सांगून, मासेमारीचा ठेका असेल तिथे विचारून, आणि दोन-तीनच. आणि बाजारातून आणलेला परदेशी लोच आपल्या नदीत कधीही सोडू नये. पूर्व आशियातला मिसगर्नस अशाच मार्गाने ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या नद्यांत पसरला आहे.

पाऊस येतो म्हणे!

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. युरोपातही लोच वादळापूर्वी अस्वस्थ होतो असा जुना समज आहे, आणि इंग्रजीत मिसगर्नसला 'हवामान-मासा' असेच म्हणतात. ह्याला काही आधार असू शकतो का?

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. लोचमध्ये ती लहान असून हाडाच्या डबीत बसवलेली असते. बारीक हाडांची एक साखळी तिला आतल्या कानाशी जोडते. ही हाडे एर्न्स्ट वेबर ह्याने १८२० साली वर्णन केली. चुंबकीय प्रवाहाचे एकक ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो विल्हेल्म वेबर ह्याचा धाकटा भाऊ. म्हणजे दाबातला फरक जाणवण्यासाठी लागणारे यंत्र माशापाशी आहे.

पण हिशेब करून पाहा. एक मिलिबार दाब म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाण्याचा दाब. मासा दहा सेंटिमीटर वर आला की त्याच्यावरचा दाब दहा मिलिबारांनी घटतो. वळवाच्या पावसापूर्वी हवेचा दाब सहसा एवढा उतरतही नाही. मधल्या पाण्यात वरखाली हिंडणाऱ्या माशाला तो फरक कळणे अवघड. तळाशी पडून राहणाऱ्या माशाचा दाबमापक मात्र एका जागी ठेवलेला असतो! इथवर गोष्ट मुलाच्या बाजूची झाली.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे हवेचा दाब रोजच वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार मिलिबारांनी कमी असतो. पाणीही तेव्हाच खूप तापलेले असते. आणि वळीव येतो तोही बहुधा दुपारी चारनंतरच! तीन गोष्टी एकाच वेळी घडत असताना मासा कशामुळे वर आला, हे नुसते पाहून कसे ठरवणार?

म्हणून आम्ही वही घातली. रोज सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता दहा-दहा मिनिटे मोजायचे, मासा किती वेळा वर आला. शेजारी पाण्याचे तापमान, आकाश आणि नंतर पाऊस आला की नाही. एक आठवडा गोणपाट ओले, एक आठवडा कोरडे. महिनाभरात एवढे स्पष्ट दिसले, की ओल्या आठवड्यांत फेऱ्या कमी होत्या, मग ढग असोत वा नसोत. म्हणजे तापलेल्या पाण्याचा वाटा मोठा आहे. पण दाबाचा वाटा शून्य, असे म्हणायला एक टाकी आणि एक महिना पुरत नाही.

तुमच्या शाळेत दाबमापक असेल तर तुम्ही पुढचे पाऊल टाकू शकता. पाण्याचे तापमान सारखे राखा, रोज एकाच वेळी मोजा, आणि निरभ्र दिवसांची तुलना पावसाच्या दिवसांशी करा. मोजणाऱ्याला त्या दिवशीचा दाब आधी सांगू नका, नाहीतर डोळे हवे तेच पाहतात.

ते दोन्ही मासे अजून आमच्या ओसरीत आहेत. यंदाचा मे महिनाही त्यांनी पार पाडला. मुलगा आता दहावीत आहे. शाळेतून आला की तो आधी परातीत पाणी आहे का ते पाहतो, मग तापमापक वाचतो आणि त्यानंतरच माशांकडे वळतो. हा क्रम मला दोन वर्षे आधी सुचला असता, तर माझे चार मासे वाचले असते.